मुंबईपासून जवळच, कल्याणच्या जरा पुढे

कुळगावात राहणाऱ्या माणसाला पत्ता विचारला की तो आधी विचारणाऱ्याकडे नीट बघून घेतो. विचारणारा न्यू जर्सीचा असेल तर उत्तर ‘मुंबई’. पुण्याचा असेल तर ‘मुंबईच, सेंट्रल साइडला’. दादरचा निघाला तर आवाज एक पट्टी खाली उतरतो आणि ‘कल्याणच्या जरा पुढे’ एवढंच ऐकू येतं. कल्याणमध्येच कुणी विचारलं तर मात्र पळवाट उरत नाही, ‘बदलापूर’ म्हणावंच लागतं. आणि खुद्द बदलापुरात विचारलं तर मान पुन्हा ताठ: ‘कुळगाव, ईस्ट!’ म्हणजे आपण पश्चिमेच्या गावातले नव्हे, हे ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. पश्चिमेचाही काही कमी नाही. तो ‘बॅरेज रोड, रिव्हर साइड’ असं सांगतो. ती रिव्हर २००५ च्या आणि २०१९ च्या जुलैत त्याच्या साइडला कुठपर्यंत आली होती, हे तो सांगत नाही.

पाट्यांचीही अशीच मौज आहे. नगर परिषदेच्या पाटीवर ‘कुळगाव-बदलापूर’, म्हणजे कुळगावाचा मान पहिला. रेल्वेच्या पाटीवर नुसतं ‘बदलापूर’, तिथे कुळगावाला उभं राहायलाही जागा नाही. आणि लोकलच्या इंडिकेटरवर तर त्या बदलापूरचंही ‘बीएल’ होतं. पण हे ‘बीएल’ कुळगावकराला मनातून आवडतं. ऑफिसात ‘मी बीएल पकडतो’ म्हटलं की ऐकणाऱ्याला क्षणभर वाटतं, एखादी विमान कंपनी असेल.

हसण्याआधी जरा अंतराचा हिशेब बघू. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर साधारण ६८ किलोमीटर, कर्जत १००. आता ६८ किलोमीटरवर राहणारा ‘बिच्चारा’ असतो आणि १०० किलोमीटरवर घर असणारा ‘फार्महाउसवाला’. बदलापूरकराचं चुकलं एवढंच की त्याला रोज घरी परतावं लागतं. आणखी बत्तीस किलोमीटर पुढे जाऊन फक्त शनिवार-रविवार राहायची ऐपत असती, तर त्याच पावसाचं, त्याच चिखलाचं आणि रात्रभर ओरडणाऱ्या त्याच बेडकांचं नाव ‘नेचर’ झालं असतं.

पु. ल. देशपांड्यांनी ‘तुम्हाला कोण व्हायचंय?’ असं विचारून मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर असे तीन पर्याय दिले. बदलापूरकर त्यात नाही, कारण ठरवून कुणी बदलापूरकर होतच नाही. परळची खोली मोठ्या भावाच्या नावावर राहिली, धाकट्याच्या हातात जी रक्कम आली तिच्यात ठाण्याला फक्त बाथरूम येत होतं आणि बदलापूरला अख्खा वन बीएचके येत होता, म्हणून धाकटा बदलापूरकर झाला. २००१ च्या जनगणनेत ही नगर परिषद लाखाच्या आत होती, २०११ ला पावणेदोन लाखांच्या घरात गेली. एवढे धाकटे दहा वर्षांत इथे उतरले. कपाट, मिक्सर, देव्हारा सगळं टेम्पोतून आलं. पत्ता तेवढा परळलाच राहिला.

आणि तो तिथे राहावा याची काळजी परळ-दादरकडचे नातेवाईक घेतात. लग्नात मावशी भेटते.

“काय गं, सध्या कुठे असता तुम्ही?”

“मुंबईतच की हो, मावशी.”

“मुंबईत म्हणजे?”

“सेंट्रलला. फास्ट लोकल थेट आहे.”

“थेट कुठे?”

“...बदलापूर.”

“अगंबाई! एवढ्या लांब? रोज कसे गं येता-जाता?”

या ‘रोज कसे गं’मध्ये जो कळवळा असतो, तो माझ्या मते वर सांगितलेल्या सगळ्या नाटकांपेक्षा पक्कं नाटक आहे. मावशीचा स्वतःचा मुलगा विरारला राहतो. पण तो ‘वेस्टर्नला’ राहतो. कुळगावकर खोटं बोलतो हे खरंच, पण खोटं बोलायला दोन माणसं लागतात, आणि दुसरं माणूस बहुतेक वेळा दादरचं असतं. ‘डोंबिवलीच्या पुढचं स्थळ नको’ हे वाक्य वधू-वर मेळाव्यात ज्यांनी ऐकलंय, त्यांनी मुलाच्या बायोडाट्यात ‘मुंबईत स्वतःचा फ्लॅट’ असं लिहिलं तर मी त्यांना फाशी देणार नाही. आणि ज्या डोंबिवलीकराला कालपर्यंत दादरकर याच नजरेने बघत होता, तोच आज ‘बदलापूर? बाप रे!’ म्हणतो. त्याचं ऐकून घेतलेला बदलापूरकर वांगणीच्या माणसाला गाठून विचारतो, “तुमच्याकडे लाइट असते का हो?”

या शास्त्रातले खरे पंडित म्हणजे बिल्डर. कात्रप, मांजर्ली, बेलवली, हेंद्रेपाडा, शिरगाव, खरवई, सोनिवली. किती ठसठशीत नावं ही! पण जाहिरातीत हेंद्रेपाडा मुंगीएवढ्या अक्षरांत, आणि वर सोनेरी अक्षरांत कुठलं तरी इटलीतलं गाव. चार मजल्यांच्या इमारतीला ‘हाइट्स’. ‘लेक व्ह्यू’च्या बाल्कनीतून मागच्या सोसायटीची टाकी दिसते आणि ती भरून वाहायला लागली की तेवढ्यापुरता लेकही दिसतो. क्लब हाउस म्हणजे एक कॅरम बोर्ड आणि स्ट्रायकर कुणाच्या घरी आहे याबद्दलचे वाद. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं छापलेलं असतं. ती पाच मिनिटं कुणाची, हे रात्री साडेअकराला शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहिल्यावर समजतं. सोसायटीच्या फाटकावरच्या वॉचमनला ‘सिक्युरिटी’ म्हणायचं आणि दिवाळीला त्याला पोस्त द्यायची वेळ आली की ‘कमिटीशी बोला’ म्हणायचं.

पण माणूस बघायचा तर सकाळच्या लोकलमध्येच. सेकंड क्लासच्या डब्यात चौथी सीट हवी असली की शब्द फारसे लागत नाहीत. ‘सरका’ म्हणायचं, बसलेले तिघे न बघता सरकतात, चौथा एका मांडीवर टेकतो. मुंब्र्यापर्यंत चौघांनाही एकमेकांच्या कर्जाचे हप्ते माहीत झालेले असतात. तोच माणूस बढती मिळून फर्स्ट क्लासचा पास काढतो. डब्याला मध्ये एक जाळी, पलीकडे सेकंड क्लास, चेंगराचेंगरी दोन्हीकडे सारखीच. पण जाळीच्या अलीकडे ‘सरका’ चालत नाही. तिथे ‘एक्सक्यूज मी, कॅन यू प्लीज अ‍ॅडजस्ट?’ असं म्हणायचं असतं आणि समोरच्याने मोबाइलमधून मान वर न करता ‘ऑलरेडी अ‍ॅडजस्टेड’ म्हणायचं असतं. सेकंड क्लासात डबा उघडला की ‘घे रे, थालीपीठ आहे’. फर्स्टमध्ये तेच थालीपीठ फॉइलमध्ये गुंडाळून, खिडकीकडे तोंड करून, चोरून खाल्लं जातं. शेजारी भांडण पेटलं तर पहिली तीन वाक्यं इंग्रजीत असतात. चौथ्या वाक्याला मातृभाषा मदतीला येते, आणि तेव्हा कळतं की दोघेही आपलेच.

एसी लोकलमध्ये याच्याही वरची पायरी. तिथे बोलायचंच नाही. काचेबाहेर साध्या लोकलच्या दारात लटकलेल्यांकडे बघताना चेहरा कसा ठेवायचा, हे आमच्या लोकांनी फार लवकर आत्मसात केलं. तरी एक गोष्ट बदलापूरच्या नावावर जमा केली पाहिजे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल सोडायला सुरुवात झाली, तेव्हा इथले प्रवासी स्टेशनात जमले, स्टेशन मास्तरांना घेराव झाला आणि मध्य रेल्वेने नव्या दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. त्या दिवशी फलाटावर कुणी कुणाला ‘एक्सक्यूज मी’ म्हटल्याचं ऐकिवात नाही. गरज खरी असली की आमची भाषा लगेच सरळ होते.

संध्याकाळी हीच माणसं सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भेटतात. सेक्रेटरी, ज्यांना गेल्या वर्षापर्यंत सगळे भाऊ म्हणत होते, लिहितात: ‘डिअर मेंबर्स, ड्यू टू अनअव्हॉइडेबल सर्कमस्टन्सेस वॉटर सप्लाय विल बी अफेक्टेड. काइंडली को-ऑपरेट. रिगार्ड्स.’ खाली अठ्ठावीस अंगठे उमटतात. मग बी विंगच्या आजी विचारतात, ‘पाणी येणार का नाही?’ मग आणखी चौघं विचारतात, ‘कधी येणार?’ अखेर भाऊ मराठीत लिहितात, ‘जीवन प्राधिकरणाची लाइन फुटलीय, उद्या दुपारपर्यंत नाही, भरून ठेवा.’ एवढंच आधी लिहिलं असतं तर तोपर्यंत दोन बादल्या भरून झाल्या असत्या.

शेजारच्या उल्हासनगरची तऱ्हा निराळी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि १९४९ ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं. तिथल्या मालावरच्या ‘मेड इन यूएसए’ची थट्टा आपण सगळ्यांनी केली: यूएसए म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’! पण जरा बघा. त्या माणसाने सोंग आणलं ते जीन्सवर, आणि तेही विकण्यापुरतं. स्वतःचा पत्ता विचारला तर तो आजही सरळ ‘कॅम्प चार’, ‘कॅम्प पाच’ असं सांगतो. निर्वासितांची छावणी होती हे लपवायला त्याने आपल्या कॅम्पला कुठली ‘व्हॅली’ जोडली नाही. आम्ही उलटं केलं. जीन्स खरी घेतली आणि लेबल स्वतःला लावलं. अंबरनाथकराला तर याची गरजच नाही. पत्त्याचा विषय निघाला की तो सन १०६० चं शिलाहारांचं शिवमंदिर पुढे करतो आणि दादरकराला गप्प बसवतो.

बदलापूरच्या वाट्याला असा दिमाख फक्त एकदा आला. २० फेब्रुवारी २०१५ ला ‘बदलापूर’ नावाचा हिंदी सिनेमा लागला, तेव्हा काही दिवस इथली माणसं मल्टिप्लेक्सच्या रांगेत ‘आमच्या गावावर पिक्चर आलाय’ असं मोठ्याने म्हणत होती. कथा खुनाची आणि सुडाची, म्हणून काय झालं! सिनेमा उतरला आणि लोक परत ‘कल्याणच्या जरा पुढे’ राहायला गेले.

आता कुणी म्हणेल, हा सगळा दोष इंग्रजीचा. तसं मुळीच नाही. २७ फेब्रुवारीला आमच्या ग्रुपवर जी मराठी अवतरते, तीही तेवढीच बेगडी. एरवी ‘जीएम’ लिहिणारा त्या दिवशी ‘सुप्रभात, मराठी भाषा गौरव दिनाच्या हृदयस्थ शुभेच्छा’ असं पाठवतो आणि संध्याकाळी मुलाला ओरडतो, “टॉक इन इंग्लिश, परवा इंटरव्ह्यू आहे!” मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला, त्या रात्री फटाक्यांचे इमोजी तर इतके आले की ग्रुपमधला पाण्याचा मेसेज वर वाहून गेला. याच बदलापुरात ‘ग्रंथसखा’ नावाचं मराठी पुस्तकांचं वाचनालय आहे, दूरदूरचे अभ्यासक तिथे जुने ग्रंथ शोधत येतात. इमोजी पाठवणाऱ्यांपैकी किती जण त्याचा जिना चढले असतील, हे मी विचारत नाही. उत्तर इंग्रजीत येईल.

या सगळ्यावर कडी होते ती पहिल्या पावसात, भाजी बाजाराच्या कडेला. आसपासच्या पाड्यांवरून ठाकूर-कातकरी बाया भल्या पहाटे रानभाज्या घेऊन येतात: टाकळा, कंटोळी, भारंगी, कुड्याच्या शेंगा, आणि जूनच्या सुरुवातीची शेवळं. समोर गॉगल डोक्यावर चढवलेल्या, माहेरच्या कुलकर्णी किंवा पाटील, कुणी तरी वहिनी उभ्या.

“ये कैसा दिया?”

“पन्नासचा वाटा, ताई.”

“इतना महंगा? चालीस में दो ना.”

“चाळीसला नाय परवडत, ताई. डोंगरावरनं आनलीत.”

“फ्रेश है ना?”

“आत्ता पाटंच काढलीत.”

एक बाई मराठीत बोलतेय, दुसरी मराठी बाई तिला हिंदीत उत्तर देतेय, आणि दोघींनाही त्यात काही विचित्र वाटत नाही. भाजीवालीशी मराठीत बोललं तर आपण इथल्याच ठरू, अशी वहिनींना भीती. पण गेल्या दोन-तीन पावसाळ्यांत या बायाही शिकल्या. एकीने आता हाक मारायला सुरुवात केलीय, “ऑरगॅनिक हाय, ऑरगॅनिक!” तिचा वाटा ऐंशीचा आहे आणि सगळ्यांत आधी संपतो. वहिनींच्या सोंगातून कुणाला चार पैसे मिळाले असतील तर ते तिला, आणि या साऱ्या व्यवहारात मला पटलेलं हेच एक सोंग. हाच प्रकार जांभळांचा. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून ज्या झाडाखाली गाडी लावायला लोक नाखूश होते, त्याच झाडाचा फोटो स्टेटसला लागतो. खाली ओळ असते, ‘प्राउड बदलापूरकर’. हा फोटो दादरच्या मावशीला दिसू नये अशी सेटिंग मात्र केलेली असते.

येत्या जूनमध्ये शेवळं घ्यायला गेलात तर भाव मराठीत विचारा, आणि बरोबर काकडं मागून घ्यायला विसरू नका. ती घातली नाहीत तर शेवळांनी घसा खाजतो.