‘पहिलंच चालतंय’ म्हणा!

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

ती. मामंजी व ती. सौ. आत्याबाई यांना,


तुमच्या चिरंजीवांनी परवा आणखी एक किंडल घेतलं. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवते.

जुन्याला काय धाड भरली होती? काही नाही. पडदा रंगीत नव्हता, एवढंच. 2007 च्या नोव्हेंबरात पहिलं किंडल 399 डॉलरला आलं आणि साडेपाच तासांत संपलं. मग उजेडाचं आलं, पाण्यात भिजलं तरी चालणारं आलं, 2024 मध्ये रंगीत आलं. हे वाचणार मराठी कादंबऱ्या. पांढऱ्यावर काळं! रंग तेवढा मुखपृष्ठाला.

तेही कधी वाचतील तेव्हा. नवं यंत्र आलं की यांना वाटतं, आता वाचन जोरात होणार. न उघडलेली पुस्तकं जुन्यातून नव्यात आपोआप येतात. ती न वाचल्याची लाज मात्र जुन्यातच राहते.

कंपन्याही काही धुतल्या तांदळाच्या नाहीत. इथून जवळच लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात 1901 पासूनचा एक बल्ब अजून जळतोय. पोरांना दाखवायला नेलं. 1924 मध्ये मोठ्या बल्बवाल्यांनी जिनिव्हात बसून ठरवलं होतं, बल्ब हजार तासांच्या वर टिकता कामा नये; टिकला तर बनवणाऱ्याला दंड! आता तसल्या बैठकीची गरज नाही, फोनची बॅटरी आत चिकटवून टाकली की झालं. हे सगळं यांनी पोरांना तिथं तावातावानं समजावलं आणि बल्बचा फोटो काढला नव्या कोऱ्या फोननं.

पण खरी मेख तिकडे तुमच्या भोकरलाच आहे. मी काही बोलले की यांचं उत्तर तयार, “जुनं वाया कुठं जातंय? दादांना पाठवू!” म्हणून तुमच्या कपाटात आमचे दोन टॅब आणि चपट्या पिनांचे चार्जर पडलेत. त्यांना बसणारा अडॅप्टर आणायला तुम्ही नांदेडच्या वजिराबादेत हिंडायचं, आणि बातम्या मात्र ऐकायच्या झाकणाला रबर लावलेल्या त्याच ट्रान्झिस्टरवर.

तरी हात जोडून विनंती, यांचा फोन आला की ठणकावून सांगा, “पहिलंच चालतंय, आता काही पाठवू नको.” माझं ऐकत नाहीत, बापाच्या शब्दाबाहेर जायची मात्र अजून हिंमत नाही.

आपली,
सूनबाई