फाट्यावरचे भाऊजी

महामार्गाचा नंबर 6 चा 53 झाला, तरी भाऊजींच्या तोंडी तो अजून ‘सहा नंबर’च. लाखनी ते साकोलीच्या दरम्यान कुठलाही फाटा घ्या. तिथे पानठेला असतो, ठेल्यापुढे बाकडं असतं आणि बाकड्यावर भाऊजी असतात. ते मेकॅनिक नाहीत. पान्याला त्यांनी हात लावलेला कुणी पाहिलेला नाही. सासुरवाडीत कायमचे राहायला आल्यामुळे ते अख्ख्या पंचक्रोशीचे भाऊजी झाले, आणि जावयाने काम करू नये हा दंडक त्यांनी मोटरसायकलींच्या बाबतीतही पाळला.

रोवणी हा त्यांचा सीझन. मागे खताचं पोतं बांधून, बांधीतल्या चिखलातून हाफ क्लचवर काढलेल्या गाड्या नेमक्या फाट्यावर येऊन हात टेकतात. इंजिन सुरू, पहिला गिअर पडलेला, क्लच सोडलेला, मूठ पिळलेली. आवाज मोप, गाडी जागेवर.

‘‘का झाला गा?’’ भाऊजी बसल्या जागेवरून विचारतात. उत्तराची त्यांना गरज नसते. ‘‘गिअरबॉक्स गेला. इंजिन उघडावं लागंल.’’

भाऊजींचं निदान कायम खर्चाच्या बाजूने सुरू होतं. खरा मिस्त्री उलटा येतो. तो आधी चेन बघतो. तीच उतरली असेल तर गिअर बिचारा काय करणार? मग इंजिनकडचं स्प्रॉकेट, कारण त्याचे आतले दाते झिजले की शाफ्ट एकटाच फिरत बसतो. मग क्लचची केबल. लिव्हरला थोडी ढील हवी. ताठ ओढलेली असली तर हात सोडूनही क्लच अर्धा दाबलेलाच राहतो. प्लेटांची पाळी त्यानंतर. या प्लेटा इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात, म्हणून मोटरसायकलच्या ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ अशी खूण बघून घ्यायची. कारचं ऑइल ओतलं, तर त्यातल्या घसरण वाढवणाऱ्या द्रव्यांनी प्लेटा एकमेकींना धरेनाशा होतात. मेव्हण्याच्या जीपमधलं उरलेलं ऑइल टाकायचा सल्ला गेल्या महिन्यात कुणी दिला होता, हे फाट्यावर विचारायचं नसतं.

‘‘चेन तं बराबर हाये, भाऊजी,’’ गाडीवाला चाचरत सांगतो.

‘‘मंग प्लेटा.’’

‘‘दिवाळीलेच बदलवल्या.’’

‘‘मंग केबल पाय ना! मी का म्हनतो मघापासून?’’

लिलाव असा उतरत्या बोलीने चालतो. हजारांतून शेकड्यांत, शेकड्यांतून दहा-वीस रुपयांत. तोवर पंक्चरच्या दुकानातला पोरगा काही न बोलता येतो, लिव्हरपाशी बसतो आणि केबलचा नट दोन आटे फिरवतो. गाडी कण्हत का होईना, पुढे सरकते. पोराकडे कुणी बघत नाही. भाऊजी मात्र सकाळपासून पहिल्यांदाच बाकड्यावरून उठतात, धोतर सावरतात आणि मागच्या सीटवर चढतात.

‘‘खाली गाडी तं कोनतीही चालते गा. प्लेट घसरते का नाही, ते वजनाशिवाय समजत नाही.’’

आणि यांत्रिकीच्या दृष्टीने हे शंभर टक्के खरं आहे. ओझं पडल्यावर आवाज चढतो आणि वेग चढत नाही, तीच घसरणाऱ्या क्लचची ओळख. त्यामुळे गाडीवाल्याला नाही म्हणता येत नाही. ही तपासणी थेट साकोलीच्या तहसील कचेरीपर्यंत चालते. तिथे भाऊजींचं सात-बाराचं काम असतं.