लेव्हलकाका

लेव्हलकाकांच्या दाराची बेल वाजवू नये. कडी हलकेच हलवावी आणि आतून "या" येईपर्यंत पाऊल उंबऱ्याबाहेरच ठेवावं. कारण हॉलच्या मधोमध, जुन्या चादरीवर चार उपड्या वाट्या मांडून त्यांवर कॅनव्हास आडवा ठेवलेला असतो. त्यावर ओतलेला रंग बसत असतो. त्याला एक दिवस लागतो, पावसाळ्यात तीनही. तोवर घरात पंखा बंद, मिक्सर बंद, नातवाचं पळणं बंद.

काकांची सगळी नोकरी मोहन्याच्या एनआरसी या रेयॉन कंपनीत, स्पिनिंगला झाली. लाकडाच्या लगद्यापासून केलेलं व्हिस्कोस बारीक भोकांतून आम्लात सोडलं की त्याचा धागा होतो. ते किती दाट आहे हे पाहायला त्यात स्टीलची गोळी सोडायची आणि ती खाली जायला किती सेकंद घेते ते मोजायचं. कंपनी २००९ मध्ये बंद पडली. काकांचे सेकंद चालूच राहिले. मग एके दिवशी मोबाइलवर त्यांना कुणीतरी कॅनव्हासवर रंगाचा पेला उपडा करताना दिसलं, आणि पुढचं सगळं आमच्या बिल्डिंगच्या वाट्याला आलं.

"याला ब्रश लागत नाही," काका समजावतात. "रंगाला मोकळं सोडायचं. त्याला हवं तिकडे जाऊ द्यायचं." हे सांगताना ते पाणसळ हातात घेऊन जमिनीवर पालथे पडलेले असतात. गवंड्याने लाद्यांना उतार मोरीकडे दिलाय, त्यामुळे मोकळा सोडलेला रंगही मोरीकडेच निघतो. मग एका वाटीखाली पुठ्ठा, दुसरीखाली कालनिर्णयच्या गेल्या महिन्याच्या पानाची घडी, की पुन्हा बुडबुडा बघणं. कॅनव्हासला मध्ये झोळ असेल तर तिथे रंगाचं तळं साचतं, म्हणून मागून पाणी शिंपडून तो ताणून घ्यायचा. एवढं होईपर्यंत शहाडकडून कसाऱ्याची गाडी येते. काका पेला हातात धरून गाडी जाईपर्यंत थांबतात. तिचे टाइम त्यांना पाठ आहेत. ती पाळत नाही, ही त्यांची तक्रार.

मिश्रण हा तर स्वतंत्र अध्याय. नुसतं पाणी घालून रंग पातळ केला तर ॲक्रिलिकची धरून ठेवायची ताकद जाते आणि वाळलेला रंग बोटाला लागतो. म्हणून मीडियम हवं. तयार पोअरिंग मीडियमची किंमत ऐकून काकांनी फेविकॉल आणि पाण्यावर भागवलं. काकू पातेल्यात डोकावून "आंबोळ्या घालू का?" असं विचारतात, तेव्हा ते बेत जमल्याचं समजतात. तरी खात्री म्हणून काचेच्या ग्लासात सायकलचा छर्रा सोडतातच.

रंगात गोल गोल जाळी उमटावी म्हणून सिलिकॉनचे थेंब लागतात. सूनबाईंच्या केसांच्या सिरममध्ये सिलिकॉन असतं हा शोध काकांनी बाटलीवरचं बारीक छापील वाचून लावला. सूनबाईंनी तो बाटली अर्धी झाल्यावर लावला.

दूधवाल्याला दारात थांबवून काका सिकेरोस या मेक्सिकन चित्रकाराची गोष्ट सांगतात: १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या त्याच्या कार्यशाळेत रंगावर रंग ओतत, आणि तिथे तरुण जॅक्सन पोलॉकही यायचा. "जड रंग वर ओतला की तो खाली घुसतो, हलका वर येतो. पांढरा टिटॅनियमचा, तो जड. यावर २०१५ मध्ये मेक्सिकोच्या शास्त्रज्ञांनी शोधनिबंध लिहिला!" दूधवाला मान डोलावतो. त्याच्याही धंद्यात वर काय येतं याला महत्त्व आहे.

चित्रं वाईट नसतात, हे मान्य करायला हवं. गेल्या आषाढात दिव्याला आलेले पावसाळी किडे एका चित्रात कायमचे राहिले, तेही शोभून दिसतात. वर कुठली बाजू आणि खाली कुठली, हे काकांनाही ठाऊक नसतं. मागे मात्र पेन्सिलीने तारीख, प्रमाण आणि छर्‍याचे सेकंद लिहिलेले असतात. काका चित्र विकत नाहीत, भेट देतात. बारसं, वास्तुशांत, साठीशांत, काहीही चालतं. देऊन झाल्यावर महिन्याभराने चहाला येतात, पिशवीतून पाणसळ काढतात आणि भिंतीवरची फ्रेम तपासतात.

तेव्हा आमच्या बिल्डिंगमध्ये घर घेणार असाल तर सामान लावायच्या आधी हॉलच्या भिंतीवर काहीतरी टांगून टाका. टिटवाळ्याच्या गणपतीचा फोटो उत्तम. रिकामी भिंत काकांना तिसऱ्या मजल्यावरून दिसते.