संगणकाचं सोवळं : वेस्ट विंडसरच्या गृहस्थांसाठी

आपण राहतो ते गाव साधंसुधं नाही, हे आधी ध्यानात घ्यावं. 30 ऑक्टोबर 1938 च्या रात्री ऑर्सन वेल्सने रेडिओवरच्या नाटकात मंगळावरचे लोक उतरवले, ते आपल्याच टाउनशिपमधल्या ग्रोव्हर्स मिलला. काही भाविक श्रोत्यांनी ते खरं मानलं. कुणीतरी पाण्याच्या टाकीलाच मंगळाचं यंत्र समजून गोळ्या झाडल्या, असं अजून सांगतात. आणि एच. जी. वेल्सच्या मूळ कादंबरीत ते मंगळकर मेले कशाने? तोफांनी नव्हे, जंतूंनी! एवढ्या लांबून आले, पण अपडेट न करता आले.

म्हणून संगणक वेळच्या वेळी अपडेट करावा. 'उद्या आठवण कर' ही कळ दाबू नये. उद्याही आपण तीच दाबतो.

आता मेलकडे वळू. अनोळखी माणसाची मेल उघडू नये, हे कुणीही सांगेल. आमचा अनुभव असा, की खरी भीती ओळखीच्यांची. मार्च 1999 मध्ये आपल्याच न्यू जर्सीतल्या अ‍ॅबर्डीनच्या डेव्हिड स्मिथने 'मेलिसा' नावाचा व्हायरस सोडला. तू मागितलेला कागद हा घे, कुणाला दाखवू नकोस, अशा अर्थाचा मजकूर आणि सोबत वर्डची फाइल. उघडली, की ती आपल्या यादीतल्या पहिल्या पन्नास जणांना आपल्या नावाने जायची. 'कुणाला दाखवू नकोस' म्हटल्यावर कोणता मराठी माणूस न उघडता राहील? स्मिथला वीस महिन्यांची कैद आणि पाच हजार डॉलर दंड झाला. पन्नास जणांपुढे खुलासे करत बसलेल्यांची शिक्षा कुठल्याच कागदावर नाही.

पुढच्या वर्षी, मे 2000 मध्ये, मनिलाहून असाच एक व्हायरस प्रेमपत्र बनून आला. फाइलच्या नावाच्या शेवटी टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर. त्याच्याही मागे व्हीबीएस हे शेपूट होतं, म्हणजे तो चालणारा प्रोग्राम होता. पण विंडोज हे शेवटचं शेपूट आपणहून झाकून ठेवतं. सोवळं नेसून आला म्हणून स्वयंपाकघरात घ्यावं आणि पायात चपला निघाव्यात, तशातली गत. त्याने लोकांचे फोटो पुसून त्यांच्या जागी स्वतःला लिहून ठेवलं. तेव्हा आजच फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये, तिथून 'शो'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करावी आणि आलेल्याचे पाय बघावेत. तरीही शंका असेल, तर पाठवणाऱ्याला फोन करावा. भारतात तेव्हा रात्रीचे अडीच वाजले असतील, तर सकाळपर्यंत थांबावं. फाइल नासत नाही.

बॅकअप म्हणजे विरजण. ते त्याच पातेल्यात ठेवून चालत नाही, हे या देशात दही लावणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. बाहेरच्या ड्राइव्हवर फोटो उतरवून घ्यावेत आणि ड्राइव्ह काढून कपाटात ठेवावा. जोडलेलाच राहिला आणि व्हायरस आला, तर मूळ आणि विरजण एकदमच नासतं.

आता शेवटचा आणि सर्वांत अवघड धोका : प्रेमळ नातेवाईक. 2002 साली आमच्या मावशीची पुण्याहून मेल आली. कॉम्प्युटरमध्ये एक फाइल शोध, तिच्यावर अस्वलाचं चित्र असेल, तो व्हायरस आहे, चौदा दिवस झोपून राहतो, लगेच पुसून टाक आणि सगळ्यांना कळव. शोधलं. अस्वल होतंच! टेडीसारखं, गोजिरवाणं. मी ते पुसलं, कचऱ्याची पेटीही रिकामी केली आणि कर्तव्यभावनेने एकवीस जणांना कळवलं. अस्वल मुळात विंडोजच्याच सामानातलं होतं; सगळ्यांकडे असायचं, म्हणूनच सगळ्यांना सापडायचं. व्हायरस कुठेच नव्हता. एकही ओळ कोड न लिहिता कुणीतरी माझ्याच हाताने माझी फाइल पुसून घेतली होती, आणि अँटिव्हायरसला त्यात आक्षेप घेण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

मावशीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, पण मला तर खूप जणांनी थँक्यू म्हटलंय."

ती फाइल जावाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या कामाची होती. घरात कुणाचंच तिच्यावाचून काही अडलं नाही.