धुक्याचं सौजन्य

आंबोलीला जुलैत फोटो काढायला जाणाऱ्याने एक गोष्ट आधीच मान्य करून टाकावी. तिथे फोटो काढण्यासारखं जे जे आहे, ते जुलैत दिसत नाही. दिसतं ते धुकं. तरीही दर पावसाळ्यात गळ्यात कॅमेरे आणि कॅमेऱ्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या घातलेली माणसं घाट चढून येतात, आणि त्यांत मी असतो.

माझा एक ठरलेला डोह आहे. रानातल्या एका वहाळाने कातळ कोरून केलेला. नेमका कुठे, ते सांगणार नाही. जागेचं नाव फुटलं की महिन्याभरात तिथे भजीची गाडी लागते आणि पाठोपाठ मक्याची कणसं येतात. अंजनी, जांभूळ आणि पिसा यांची बुटकी, शेवाळलेली झाडं डोहावर ओणवी झालेली आहेत. पडून कुजलेल्या पानांतलं टॅनिन उतरल्यामुळे पाणी तांबूस दिसतं. घाणेरडं नसतं ते, पण सोबत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हे नव्याने पटवावं लागतं.

हे धुकं म्हणजे ढगच. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीच्या भिंतीला अडते, वर चढते, चढताना थंड होते आणि सातशे मीटरच्या आसपास, बरोबर आपल्या लेन्ससमोर येऊन थांबते. इथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्यातलं हिरण्यकेशीला मिळालेलं पाणी घटप्रभेत जातं, घटप्रभेतून कृष्णेत, आणि कृष्णेबरोबर थेट बंगालच्या उपसागराला. जवळचा समुद्र डोंगराच्या पायथ्यापलीकडेच असताना, तिथूनच आलेलं पाणी अख्खं दख्खन ओलांडून दुसऱ्या समुद्राकडे निघतं. एवढी हौस फक्त पाण्याला आणि लांबून सून आणणाऱ्यांना असते.

धुक्यात कॅमेऱ्याची पंचाईत होते. त्याच्या आतल्या प्रकाशमापकाचा असा ठाम समज असतो, की सगळं जग सरासरीने मध्यम करडं आहे. समोर पांढरं धुकं आलं की तो घाबरून प्रकाश कमी करतो आणि दुधाळ सकाळ राखाडी उतरते. म्हणून हाताने एक-दीड स्टॉप वाढवून घ्यायचा. ऑटोफोकस तर कडा शोधत राहतो; धुक्याला कडाच नसल्यामुळे लेन्स पुढे-मागे घुरघुरते आणि शेवटी हात टेकते. पाण्यावरची चकाकी काढायला पोलरायझर लावावा, तर तो आधीच तुटपुंजा असलेला उजेड आणखी खातो. मग ट्रायपॉड, मग शटर दोन सेकंद उघडं, मग धबधब्याचा रेशमी पदर. हा रेशमी पदर मला मनापासून आवडत नाही. वहाळ इतका गुळगुळीत कधीच वाहत नाही. पण उजेडच नसल्यावर आवडीनिवडी कुठून परवडणार! या सगळ्यात छत्री कॅमेऱ्यावर असते, छायाचित्रकार पावसात असतो आणि जळवा मोज्यात असतात. मोज्यांना तंबाखूचं पाणी लावावं असं जाणकार सांगतात. जळवांना ते कळवलेलं दिसत नाही.

एकदा वाटेवरच्या टपरीवाल्याने चहा पुढे करत विचारलं, “धुक्यात काय दिसतला तुमकां?” मी फोटो दाखवला. त्याने तो निरखून पाहिला आणि म्हणाला, “मस्त हा. पण पाइप खंय गेलो?”

डोहाच्या डाव्या अंगाने एक काळा पाण्याचा पाइप जातो. पलीकडे कुणीतरी अर्धवट बांधून सोडलेला सिमेंटचा कठडा आहे. वरच्या फांदीला पुराने आणून अडकवलेली निळ्या प्लास्टिकची चिंधी आहे. माझ्या फोटोत यातलं काहीच नव्हतं. मी काही पुसलं नव्हतं, सगळं धुक्याने झाकलं होतं. पाहुणे येणार म्हटल्यावर पसारा पडद्यामागे सारणाऱ्या घरच्या बाईचं सौजन्य या धुक्याकडे आहे. शहरातली माणसं तो फोटो पाहून म्हणतात, “अगदी अस्पर्श निसर्ग!” मी नुसती मान डोलावतो.

गंमत अशी, की जे खरोखर पाहण्यासारखं आहे तेही याच पडद्याआड असतं. पाण्यावर झुकलेल्या पानांना पांढऱ्या फेसाचे गोळे लटकलेले दिसतात. नवखा माणूस म्हणतो, कुणीतरी साबण लावून गेलं. ती मलबारी उडत्या बेडकाची घरटी. मादी मागच्या पायांनी स्राव घुसळून फेस काढते आणि त्यात अंडी ठेवते. पिल्लं काही दिवसांनी फेसातून सुटतात ती टपाटप खालच्या डोहात. म्हणजे घरटं बांधताना खाली पाणी आहे, आणि पिल्लं पडतील तेव्हाही असेल, एवढा हिशोब बेडकाने केलेला असतो. शेजारच्या झुडपातले इवलेसे झुडपी बेडूक याहून सावध. त्यांची पिल्लं डोहाच्या भानगडीतच पडत नाहीत. अंड्यातून थेट तयार बेडूक होऊनच बाहेर येतात. आणि सड्यावरच्या कातळात साचलेल्या दोन बोटं पाण्यात, पावसाच्या सुरुवातीलाच, आंबोली टोडची लग्नं लागतात. 2009 मध्ये शास्त्राने त्याला स्वतंत्र जात म्हणून नाव दिलं. तो आज अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. त्याचं अख्खं जग म्हणजे आंबोली आणि आजूबाजूचा टापू, आणि त्या जगातून गाड्यांचा रस्ता जातो.

हिरण्यकेशीच्या उगमाशी, महादेवाच्या देवळापुढच्या कुंडात, एक छोटा मासा राहतो. त्या कुंडात पिढ्यान्‌पिढ्या भाविकांनी हातपाय धुतले, मासे पायाला लागले की हसून पाय वर घेतले. 2020 मध्ये संशोधकांनी जाहीर केलं की हा मासा शास्त्राला नवाच आहे. त्याचं नाव ठेवलं शिस्तुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसास्थळ झाली. फोटोसाठी कमरेइतक्या पाण्यात उतरणाऱ्यांना मला त्यामुळे एकच सांगावंसं वाटतं: आपल्या बुटाखाली कोण आहे, याची यादी अजून पूर्ण झालेली नाही.

जगभरच्या उभयचरांची 2023 साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते, की पाचांतल्या दोन जाती धोक्यात आहेत. हे आकडे धुक्याच्या फोटोत मावत नाहीत. म्हणून मी अलीकडे त्याच डोहावर नोव्हेंबरातही जाऊ लागलो. त्याच कातळावर ट्रायपॉड, तीच चौकट. नोव्हेंबरात ऊन पडलेलं असतं आणि सगळं दिसतं. पाइप दिसतो, कठडा दिसतो. तळाला बाटलीची बुचं चकाकतात. पाणी कातळावर किती खाली गेलं त्याची रेघ दिसते, कुठली फांदी गेली आणि कुठलं झुडूप नवं आलं तेही कळतं. फेसाच्या घरट्यांच्या जागी पानावर वाळलेली तपकिरी साल उरलेली असते. तीही मी टिपून ठेवतो. फोटो म्हणून हे सगळे सामान्य आहेत. पण तारखा टाकून शेजारी शेजारी लावले, की डोहाचं काय चाललंय ते त्यांच्यातूनच कळतं. धुक्याचे फोटो कितीही शेजारी लावा, दरवर्षी पृथ्वीचा पहिलाच दिवस असतो.

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नोव्हेंबरातला फोटो टाकला तर कुणी बोटही उचलत नाही. एका मावशीने तेवढं विचारलं, “तिथे पिण्याचं पाणी मिळतं ना रे?”

मध्यंतरी एका पतपेढीला दिनदर्शिकेसाठी पावसाळी चित्र हवं होतं. मी त्यांना मुद्दाम उन्हातला, पाइपसकटचा डोह पाठवला. दोन दिवसांनी तिथल्या गृहस्थांचा अदबीने फोन आला. “सर, फोटो उत्तम आहे. फक्त थोडं धुकं घालता येईल का?”

येतं. फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये आता त्यासाठी पट्टी असते. उजवीकडे सरकवली की धुकं निघून जातं, डावीकडे सरकवली की दाटून येतं. मी म्हटलं, जमेल, पण धुक्याचे पैसे वेगळे पडतील. ते म्हणाले, संचालक मंडळापुढे ठेवतो.