अर्धा गुण

इंग्रजी भाषेने माझा जो छळ मांडला त्यात अग्रभागी होते ते तिचे 'दि' हे चिमुकले उपपद. आमच्या हायस्कुलातील इंग्रजीचे मास्तर, निबंधात जितक्या ठिकाणी हे उपपद राहून जाई तितक्या ठिकाणी अर्धा अर्धा गुण कापीत. आणि ज्या भाषेत सूर्य, चंद्र व राजा ही बडी मंडळी उपपदावाचून शेकडो वर्षे सुखाने नांदली त्या भाषेत वाढलेल्या माझी उत्तरपत्रिका त्यांच्या हातून परत येई तेव्हा ती लाल शाईने न्हालेली असे. यावर उतारा त्यांनीच सांगितला, की रोज इंग्रजी वर्तमानपत्र वाचावे, अडलेला शब्द वहीत उतरवावा व त्यापुढे त्याचा मराठी अर्थ लिहावा. साल होते १९५०. कोरियात युद्ध पेटले होते. त्यामुळे ज्या वयात फुलापाखरांची इंग्रजी नावे शिकायची त्या वयात माझ्या वहीचा श्रीगणेशा 'अल्टिमेटम' या शब्दाने झाला.

वर्तमानपत्र येई ते शेजारच्या तात्यांकडे. तात्या मामलेदार कचेरीतून शिरस्तेदार म्हणून पेन्शनीत निघालेले, आणि उभी हयात अर्ज, कैफियती, तगादे व जबान्या यांत गेल्यामुळे, कागदावर काय लिहिले आहे यापेक्षा ते तसे का लिहिले आहे हे त्यांना आधी दिसे. संध्याकाळी ओट्यावर अडकित्ता चालवीत ते माझी वही तपाशीत.

पहिला खटका 'पोलीस ॲक्शन'पाशी उडाला. कोरियातील कारवाईला हे नाव द्यावे काय, असे एका बातमीदाराने विचारताच ट्रूमनसाहेबांनी होकार दिला होता. हा शब्द आम्हांला परका नव्हता. दोनच वर्षांपूर्वी, १९४८ च्या सप्टेंबरात, आपले सैन्य रणगाड्यांसह निजामाच्या राज्यात शिरले तेही याच नावाने; आणि परभणीकडचे तात्यांचे व्याही तर मुलाबाळांची वये 'पोलीस ॲक्शनच्या आधीचा की नंतरचा' अशीच सांगत.

"पण तात्या, यात पोलीस कुठे आहेत?" मी विचारले.

"पोलीस कागदावर असतात, रणगाडे रस्त्यावर," तात्या म्हणाले. "खर्च अंगाशी येईलसा दिसला, की तो दुसऱ्या खात्यावर टाकायचा. कचेरीत हे नित्याचेच."

पुढे 'सीझफायर', 'ट्रूस' आणि 'आर्मिस्टिस' ही तीन भावंडे एकामागून एक आली. माझ्या कोशात तिघांनाही 'युद्धतहकुबी' हा एकच अंगरखा शिवलेला. २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे आर्मिस्टिसवर सह्या झाल्या, तेव्हा युद्ध संपले म्हणून मी आनंदाने सांगायला गेलो, तर तात्यांचा अडकित्ता थांबला. "अरे, तहकूब म्हणजे मिटले नव्हे. हुकूम झाला तर दावा निकाली, समजूत पटली तर तडजोडनामा. आणि दोन्ही पक्ष थकले, पण मागे सरायला शरमतात, अशा वेळी दावा तहकूब." कोशकारांपेक्षा शिरस्तेदार अधिक दूरचे पाहत होते. कोरियात तहकुबी झाली ती झाली. तह काही आजतागायत झाला नाही.

'नोट व्हर्बाल'पुढे मी मोठ्या विश्वासाने 'तोंडी निरोप' असे लिहिले होते. पण ते चक्क लेखी पत्र असते, एका वकिलातीने परराष्ट्र खात्याला तृतीय पुरुषी लिहिलेले आणि बिनसहीचे, असे कळले तेव्हा तात्या कितीतरी वेळ आदराने स्तब्ध बसले. "कागद आहे, सही नाही, आणि नाव तोंडी! ही युक्ती वेळेवर कळती, तर माझ्या दोन खातेनिहाय चौकश्या टळत्या." वाटाघाटी 'फ्रँक' झाल्या म्हणजे मनमोकळ्या झाल्या, हा माझा समजही त्यांनीच दूर केला. 'कॉर्डियल' म्हणजे चहा झाला, 'फ्रँक' म्हणजे भांडण झाले आणि 'यूसफुल' म्हणजे पुढची तारीख पडली, असे तीन अर्थ त्यांनी स्वहस्ते माझ्या वहीत टिपून दिले.

१९६२ च्या ऑक्टोबरात वहीला पाने पुरेनात. आपल्याच सरहद्दीवर चीनची चढाई सुरू झाली, तिला दोन दिवस होतात न होतात तोच तिकडे केनेडींनी क्युबाभोवती 'क्वारंटीन' जाहीर केले. ही नाकेबंदीच होती. पण नाकेबंदी म्हटली की कायद्याने ते युद्धाचे कृत्य ठरते, म्हणून दवाखान्यातला हा शब्द आरमाराच्या कामी लावलेला. मी मोठ्याने वाचीत होतो, ते आजीच्या कानी पडले. १८९७ चा पुण्यातला प्लेग तिने लहानपणी पाहिलेला.

"तिकडे गाठी आल्या का रे?"

"नाही आजी. रशियाची अस्त्रे येऊ नयेत म्हणून बोटी अडवल्या आहेत."

"मग कारंटीन कशाला म्हणतात?" ती वाती वळीत म्हणाली. "आमच्या वेळी माणसे न्यायचे तेही भल्यासाठीच म्हणायचे. शब्द गोड असला, की मी आधी दार लावून घेते."

पुढे १९६७ च्या जूनमध्ये इस्रायल व अरब राष्ट्रे यांचे सहा दिवसांचे युद्ध झाले आणि २२ नोव्हेंबर रोजी सुरक्षा समितीने आपला २४२ क्रमांकाचा ठराव एकमताने संमत केला. व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्याने माघार घ्यावी, असे त्यात एक कलम होते; परंतु इंग्रजी प्रतीत 'टेरिटरीज' या शब्दाआधी 'दि' नव्हता! फ्रेंच प्रतीत उपपद जागच्या जागी, इंग्रजीत त्याचा मागमूस नाही. 'दि' नाही, तेव्हा सगळेच प्रदेश सोडण्याचे बंधन नाही, असे एक पक्ष म्हणे. सगळेच सोडायचे हे उघड आहे, असे दुसरा. मसुदा प्रत्यक्ष इंग्रजांनी केलेला, त्यावर पंधरा राष्ट्रांच्या मुत्सद्द्यांनी हात वर केलेले, आणि अर्धा गुण कोणाचाही कापला गेला नव्हता.

मी ते कात्रण घेऊन तडक मास्तरांचे घर गाठले. ते आता निवृत्त झाले होते, दृष्टी मंदावली होती. सतरा वर्षांपूर्वी कापलेले गुण सव्याज परत मिळावेत, असा अर्ज मी त्यांच्यापुढे तोंडी गुजरला. त्यांनी भिंग लावून कात्रण दोनदा वाचले.

"तुझा 'दि' विसरून राहिला, यांचा आठवणीने वगळलेला दिसतो," ते म्हणाले. "मी गुण कापले ते विसरण्याचे. याचे कापायला माझ्याजवळ गुण नाहीत."

अर्ज फेटाळला गेला. मात्र घरी येऊन पाहतो, तो कात्रणावर 'टेरिटरीज'च्या अलीकडे थरथरत्या हाताचे एक लाल काकपद उमटलेले होते.