मूर्खपणाची आरती

आज मूर्खपणाची बाजू घेऊन लिहायला बसले आहे, आणि अगदी मनापासून लिहिणार आहे. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगितली, त्याच दशकात पढतमूर्खांसाठी वेगळा समासही राखला. मूर्खाला ओवाळावं असं मात्र कुणाला वाटलं नाही. मला वाटतं. १९८४ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल नावाच्या बत्तीस वर्षांच्या डॉक्टरने एका रुग्णाच्या जठरातून काढलेले जंतू वाढवले, ते पेल्यात घेतले आणि पिऊन टाकले. रीतसर परवानगी मागितली नव्हती. घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं. आरती करायची ती याच मूर्खपणाची.

पण आधी आमचे काका. त्यांना अल्सर होता. रात्री दोनच्या सुमारास पोटात आग पडायची, मग ते उठून अंधारातच स्वयंपाकघरात जायचे. काकी झोपण्याआधी परातीत पाणी घालून त्यात दुधाचं पातेलं ठेवायची. ते गार दूध आणि दोन मारी बिस्किटं खाल्ली की तासाभराने डोळा लागायचा. खाल्ल्यावर तेवढ्यापुरतं बरं वाटणं ही लहान आतड्याच्या तोंडाशी असलेल्या व्रणाची खूणच आहे, पण आम्हाला दिसायचा तो फक्त काकांचा चिडका चेहरा. डॉक्टर सांगायचे, तिखट सोडा, चहा सोडा, त्रागा करू नका. काकांनी तिन्ही सोडलं. आजी तरी म्हणायचीच, "स्वभावाला औषध नाही." आगही त्यांनाच सोसावी लागायची आणि आगीचा दोषही त्यांच्याच माथी यायचा. मला आजही सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

डॉक्टर दुष्ट नव्हते. जगभरच्या शहाण्यांचं तेच मत होतं. आम्ल नाही तर व्रण नाही, हे सूत्र १९१० पासून चालत आलेलं. जठरातल्या आम्लात जंतू तग धरूच शकत नाहीत, हे तर प्रत्येक विद्यार्थी पहिल्या वर्षी शिकायचा. म्हणून आम्ल दाबायचं, मन शांत ठेवायचं, नाहीच जमलं तर जठराचा तुकडा किंवा त्याची नस कापायची. सत्तरच्या दशकात आम्ल कमी करणाऱ्या चांगल्या गोळ्या आल्या. त्यांनी आराम खरोखर पडायचा. गोळ्या थांबवल्या की व्रण पुन्हा हजर.

पहिला मूर्ख रॉबिन वॉरेन. पर्थच्याच रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये पॅथॉलॉजिस्ट. ११ जून १९७९ या आपल्या बेचाळिसाव्या वाढदिवशी तो सूक्ष्मदर्शकाखाली जठराच्या अस्तराचा तुकडा बघत होता. अस्तराला सूज होती आणि तिच्यावर वाकडे, बारीक जंतू चिकटलेले होते. शहाणा माणूस म्हणाला असता, असू शकत नाहीत म्हणजे नाहीत, नमुन्यात बाहेरून काही मिसळलं असणार. वॉरेनने चांदीचा रंग देऊन पुन्हा बघितलं, आणि पुढे कितीतरी रुग्णांच्या तुकड्यांत बघत राहिला. पुस्तकापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवण्याइतका तो अडाणी होता. १९८१ मध्ये त्याला मार्शल हा दुसरा अडाणी भेटला.

दोघांनी शंभर रुग्णांचे नमुने घ्यायला सुरुवात केली. जंतू दिसायचे, पण बशीत काही केल्या वाढेनात. प्रयोगशाळेची शिस्त अशी की दोन दिवसांत काही उगवलं नाही तर बशी फेकायची. १९८२ च्या ईस्टरची सुट्टी आली आणि काही बशा तशाच राहून गेल्या. सुट्टीनंतर उघडल्या तर जंतू वाढलेले. त्यांना दोन दिवस पुरतच नव्हते. मग कळलं, लहान आतड्याचा व्रण असलेल्या तेराच्या तेरा रुग्णांत हे जंतू होते. आम्लात ते जगतात कसे, याचंही उत्तर पुढे मिळालं. युरिएज नावाच्या विकराने ते युरियापासून अमोनिया करतात. त्या अमोनियाने अंगाभोवतीचं आम्ल मारतात आणि अस्तरावरच्या चिकट थरात घुसून बसतात. भर पावसात माणूस छत्रीखाली कोरडा उभा राहावा तसे. याच जंतूला आज हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणतात.

ऑस्ट्रेलियातल्या पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेला मार्शलने १९८३ मध्ये निबंधाचा सारांश पाठवला. आलेल्या ६७ सारांशांपैकी ५६ घेतले गेले. मार्शलचा उरलेल्या अकरांत. आक्षेप असा की जंतू आहेत हे कबूल केलं तरी ते रोगाचं कारण कशावरून? आधी व्रण झाला आणि मग जंतू येऊन बसले असतील. प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी डुकराच्या पिल्लांना जंतू देऊन पाहिले, त्यांना काही झालं नाही. मग उरलं स्वतःचंच पोट.

आधी त्याने दुर्बीण घालून स्वतःचं जठर तपासून घेतलं. ते निरोगी होतं. तो जंतू कोणत्या औषधाने मरतो तेही बघून ठेवलं, आणि मगच प्यायला. काही दिवसांत पोट जड झालं, पहाटे ओकाऱ्या सुरू झाल्या. तोंडाला वास येऊ लागला. पुढे बायकोलाही सगळं कळलं. दहाव्या दिवशी पुन्हा दुर्बीण घातली, तर अस्तराला सूज आणि तिच्यावर जंतूच जंतू. व्रण झाला नव्हता, आणि झाला असं त्याने कधी म्हटलंही नाही. निरोगी जठराला हे जंतू आजारी करतात, एवढंच त्याने दाखवलं. पेल्यापेक्षाही मी ओवाळते ते या नेमकेपणाला.

कारण जंतू पिणारा तो पहिला नव्हे. १८९२ मध्ये म्युनिकच्या माक्स फॉन पेटनकोफर या सत्तरी ओलांडलेल्या शास्त्रज्ञाने पटकीच्या जंतूंचं पाणी प्यायलं होतं, पटकी या जंतूंनी होते असं म्हणणारा रॉबर्ट कॉख चुकतोय हे दाखवायला. थोडं पोट बिघडण्यावर निभावलं आणि तो आपल्या चुकीच्या मतावर ठाम राहिला. धाडस तेच, पण त्याला उत्तर आधीच माहीत होतं. मार्शलला ते हवं होतं. आपल्याकडे प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला मुंबईत आपली लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली, तेव्हा तेही याच पंगतीचे.

आणि एक हुकलेला मूर्ख आहे, त्याच्यासाठी जीव हळहळतो. ग्रीसमधल्या मिसोलोंगी गावचा डॉक्टर जॉन लिकुडिस १९५८ पासून व्रणाच्या रुग्णांना प्रतिजैविकं देत होता. त्याला चार हजार द्राक्मांचा दंड झाला. १९८० मध्ये तो वारला, पर्थच्या बशांत जंतू वाढायच्या दोन वर्षं आधी.

शहाण्यांना पटायला पुढे दहा वर्षं लागली. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की जंतू असलेल्या व्रणाच्या रुग्णाला प्रतिजैविकं द्या. त्याच वर्षी कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने हा जंतू जठराच्या कर्करोगाचं नक्की कारण ठरवला. २००५ मध्ये मार्शल आणि वॉरेन दोघांना नोबेल मिळालं. वॉरेन २०२४ मध्ये गेला.

जगातल्या जवळपास अर्ध्या माणसांच्या पोटात हा जंतू असतो असं मानलं जातं. बहुतेकांना तो बालपणीच लागतो आणि बहुतेकांना व्रण कधीच होत नाही. प्रत्येक जळजळ त्याची नसते. सांधे दुखतात म्हणून रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही व्रण होतो, आणि आपल्या घराघरांत त्या चुरमुऱ्यांसारख्या खाल्ल्या जातात. म्हणून कळकळीने सांगते, महिनोन्महिने "पित्त झालंय" म्हणत गोळी गिळू नका, तपासून घ्या. शौच काळं होत असेल किंवा वजन उतरत असेल तर आजच जा. आणि प्रतिजैविकं दुकानातून मनाने आणू नका, सुरू केली तर अर्ध्यात सोडू नका. हा जंतू औषधांना सरावत चाललाय आणि पूर्वी चालणारी औषधं आता कित्येकांना लागू पडत नाहीत.

काकांची तपासणी नव्वदच्या दशकाच्या शेवटी झाली. दुर्बिणीने काढलेला मोहरीएवढा तुकडा एका तरुण डॉक्टरने पिवळसर जेलमध्ये टोचला आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. अर्ध्या तासाने ती पट्टी घेऊन तो स्वतः बाहेर आला. पिवळा रंग जाऊन गुलाबी झाला होता, लग्नातल्या फेट्यासारखा. "जंतू आहेत. दोन आठवड्यांचं औषध." काका बराच वेळ त्या पट्टीकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या स्वभावाने नाही?"

"नाही हो काका."

औषध संपलं, पुढची तपासणीही चांगली आली. एका रविवारी जेवताना काकांनी काही न बोलता ताट पुढे केलं आणि खलबत्त्याकडे बोट दाखवलं. काकीने भाकरीच्या कडेला ठेच्याचं बोट ओढलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते ठेच्याचं नव्हतं, कारण अजून घास तोंडात गेला नव्हता.